वरचा एक रुपया

सुंदररावांनी उभ्या जन्मात शून्यावर संपणारी रक्कम कोणाच्या हाती ठेवली नव्हती. लग्नातला आहेर असो, वाद्यारांची, म्हणजे भटजींची, दक्षिणा असो की दातांच्या डॉक्टरची फी, पाचशेची नोट निघाली की तिच्या मागोमाग एक रुपयाचं नाणं निघायचंच. शून्य म्हणजे संपलं आणि एक म्हणजे पुढे चालू, इतकं साधं ते शास्त्र होतं. कुंभकोणात ही रीत पुष्कळ जण पाळतात, पण ती लग्नामुंजीपुरती. सुंदररावांनी ती विजेच्या बिलापर्यंत नेली होती. ते स्वतःच विजेच्या कचेरीतून हिशेब विभागाचे सुपरिंटेंडंट म्हणून निवृत्त झालेले असल्यामुळे खिडकीवरचे कारकून तो जादा रुपया मुकाट्याने घेत.

या सुपरिंटेंडंटपणाबद्दल आणखी एक सांगायला हवं. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी हाताखालच्या माणसांकडून शेकड्याने खुलासे लिहून घेतले होते. 'माझ्या हातून चूक झाली, पुन्हा होणार नाही' हे वाक्य ते समोर बसवून लिहवून घेत आणि अक्षर वाईट आलं तर पुन्हा लिहायला लावत. स्वतः मात्र असा कागद त्यांनी एकदाही लिहिला नाही. निरोप समारंभात साहेबांनी हे मुद्दाम सांगितलं होतं, आणि त्या भाषणातलं तेवढं एकच वाक्य सुंदररावांच्या लक्षात राहिलं होतं.

तर अशा माणसाच्या हातात क्रेडिट कार्ड आलं. पेन्शनच्या बँकेत पवित्रा नावाची एक तरतरीत मुलगी होती. हयातीचा दाखला द्यायला गेलेल्या सुंदररावांना तिने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि बोलता बोलता चार ठिकाणी सह्या घेतल्या. पंधरा दिवसांनी कार्ड घरी आलं. सुंदररावांनी ते बिरोत, म्हणजे लोखंडी कपाटात, चांदीच्या पंचपात्राशेजारी ठेवलं आणि दोन वर्षांत पाच-सहा वेळा बाहेर काढलं, तेही बायकोला बरोबर घेऊन.

ते कार्ड कामाला लावलं शेजारच्या हरिकृष्णाने. हरिकृष्ण कापडाचं दुकान मुलाच्या हवाली करून मोकळा झाला होता, आणि मोकळ्या माणसाला जगाचं भलं करण्यावाचून दुसरा उद्योग नसतो. कार्डाच्या पॉइंटांवर त्याने आजवर एक प्रवासी बॅग, एक भाताचा कुकर आणि पायांना मालिश करणारं एक यंत्र फुकट मिळवलं होतं. त्या यंत्रात त्याची बायको हल्ली कांदे ठेवते, पण फुकट ते फुकट. एके सकाळी कॉफीच्या वेळी तो आला आणि म्हणाला की अण्णा, तुमच्या बँकेने जाहीर केलंय, चौदा तारखेपासून वीसपर्यंत विम्याचा हप्ता कार्डाने भरला तर पाचपट पॉइंट.

सुंदररावांनी नऊ वर्षं नवराबायकोचा आरोग्य विमा चालवला होता. यंदाचा हप्ता अडतीस हजार सहाशे चाळीस. दरवर्षी ते मुदतीच्या आधी चार दिवस, राहुकाळ टाळून, विमा कंपनीच्या कचेरीत जात आणि त्या वर्षीच्या हप्त्यावर एक रुपया चढवून रोख मोजून देत. हरिकृष्णाने पाठीवर आकडेमोड केली. पाठीवर म्हणजे सुंदररावांच्या वर्तमानपत्राच्या पाठीवर. नव्या पॉइंटांत जुने साडेतीनशे मिळवले तर बरोबर टेबलावर ठेवायचा ग्राइंडर येत होता. इडलीचं पीठ वाटायला नागलक्ष्मीबाईंकडे वीस वर्षांपूर्वीचा जमिनीवरचा ग्राइंडर होता, आणि त्यांचे गुडघे तर असे झाले होते की वाकल्यावर वर यायला भिंतीची परवानगी लागे.

इथे त्या गुडघ्यांची हकिगत आली. उजवा गुडघा पार झिजला होता. दोन वर्षं त्या गच्चीवर गेल्या नव्हत्या, त्यामुळे उन्हात वाळवायचे तांदळाचे वडाम घरात शेजाऱ्यांचे येत होते आणि त्यांत जिरं कमी आहे हे दर वेळी ऐकावं लागत होतं. तंजावूरच्या डॉक्टरांनी सांधा बदलायला सत्तावीस तारीख दिली होती. खर्च विम्यातून व्हायचा होता. मात्र विमा एक दिवस जरी तुटला, तरी जुन्या दुखण्यासाठी पुन्हा नव्याने तीन वर्षं थांबायचं, असा नियम होता. एजंट साईकुमार स्वामीमलैहून मोटारसायकलवर येऊन हे तीनदा सांगून गेला होता. पॉइंटांची वाट बघण्यात हप्त्याची तारीख उलटून गेली होती, वरची महिन्याची सवलत अठरा तारखेला संपत होती. उगाच कशाला थांबता सार, नेहमीसारखे कचेरीत भरून टाका, असं तो काकुळतीने म्हणाला. सुंदररावांनी त्याला कॉफी पाजली आणि चौदा ते अठरा म्हणजे पाच दिवस होतात, हे बोटांवर मोजून दाखवलं.

नागलक्ष्मीबाईंनी एकदाच तोंड उघडलं.

"अहो, मज ग्राइंडर नको. गुडघा हवा."

"अगे, दोन्ही मिळतात. एकावर एक फुकट," सुंदरराव म्हणाले.

चौदा तारखेला शनिवार होता आणि अष्टमी होती. अष्टमीला आणि नवमीला शहाणा माणूस पैसा बाहेर काढत नाही, त्यामुळे शनिवार-रविवार गेले. सोमवारी सकाळी साडेसात ते नऊ राहुकाळ. तो संपल्यावर सुंदररावांनी बँकेचं अॅप उघडलं आणि पासवर्ड घातला. पासवर्डात त्यांनी कुलदैवताचं नाव ठेवलं होतं. ते पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदा चुकलं, तिसऱ्या वेळी अॅपने चोवीस तास दार लावून घेतलं. मंगळवारी दार उघडलं, पण मंगळवारी आणि शुक्रवारी घरातली लक्ष्मी बाहेर पाठवायची नसते हे त्या घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. राहता राहिला बुधवार, अठरा तारीख, शेवटचा दिवस. हरिकृष्ण येता-जाता धीर देत होता. बँकेची यंत्रं रात्रंदिवस चालतात, अण्णा, घाई काय, असं म्हणायचा. दुसऱ्याच्या हप्त्याबद्दल माणसाला असाच धीर असतो.

बुधवारी बारानंतर राहुकाळ. सुंदररावांनी स्नान केलं, कपाळी गंध लावलं, विठ्ठलाच्या तसबिरीसमोर पाट मांडला, पूर्वेकडे तोंड केलं आणि अकरा वाजून वीस मिनिटांनी फोन हातात घेतला. या खेपेला कुलदैवत पहिल्याच हाकेला धावलं. पॉलिसीचा नंबर घालताच नाव आलं, रक्कम आली. अडतीस हजार सहाशे चाळीस. रकमेच्या शेजारी पेन्सिलीचं एक बारीक चित्र होतं. ज्याने कोणी ते तिथे ठेवलं, त्याची आणि सुंदररावांची ओळख नव्हती. पेन्सिल आहे म्हणजे रक्कम बदलता येते, आणि बदलता येते म्हणजे शून्य ठेवायची गरज नाही. आणि विमा म्हणजे तरी काय? दवाखान्याचा पैसा. तिथे शून्य म्हणजे अगदीच अभद्र. त्यांनी शून्य खोडून एक लिहिला, फोनवर आलेला नंबर घातला आणि विठ्ठलाकडे बघत बटण दाबलं. हिरवी खूण आली. पैसे गेले.

त्या दुपारी सुंदरराव बऱ्याच दिवसांनी दोन वेळा भात घेऊन जेवले आणि संध्याकाळी महामहम तळ्याभोवती हरिकृष्णाबरोबर फेरी मारताना त्यांनी तीन ओळखीच्या माणसांना कार्डाचं महत्त्व समजावून सांगितलं. त्यांतला एक त्यांच्याच हाताखाली होता, त्याला तर त्यांनी राहुकाळासकट सांगितलं.

गुरुवारी सकाळी साईकुमारचा फोन आला. त्याचा आवाज असा होता की सुंदरराव आधी बसले आणि मग ऐकू लागले. कंपनीच्या यंत्रात पॉलिसी बंद दिसत होती. पैसे मिळाले होते, पण मागितले त्याहून वेगळे आले म्हणून यंत्राने ते 'न जुळलेली रक्कम' या खात्यात नेऊन ठेवले होते. यंत्राच्या लेखी हप्ता आलाच नव्हता. कमी दिले असते तर समजू शकतं, जास्त दिले तर काय बिघडलं, असं सुंदररावांनी विचारलं. साईकुमार म्हणाला, सार, यंत्राला कमी आणि जास्त यांत फरक कळत नाही, त्याला फक्त बरोबर कळतं.

विमा कंपनीची कचेरी एका पितळी भांड्यांच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर आहे. जिना अरुंद, उभा, बावीस पायऱ्यांचा. सुंदरराव तो जिना धापा टाकत चढले आणि मीनाक्षीबाईंपुढे जाऊन बसले. मीनाक्षीबाई तिथल्या अधिकारी, पन्नाशीच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांचं घराणंही तंजावूरच्या मराठा राजांबरोबर आलेल्यांपैकी, हे सुंदररावांना ठाऊक होतं आणि त्यांनाही ठाऊक होतं, पण कचेरीत दोघंही तमिळच बोलत. बाहेर तमिळ आणि उंबऱ्याच्या आत मराठी, ही रीत इकडे कोणी कोणाला शिकवत नाही.

मीनाक्षीबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. उपाय होता. पैसे अठरा तारखेलाच आले असल्यामुळे कामाच्या तीन दिवसांत ग्राहकाने स्वहस्ते पत्र लिहून कारण दिलं, तर चेन्नईचं मुख्य कार्यालय ती रक्कम मागच्या तारखेने जुळवून घेई. गुरुवार, शुक्रवार आणि सोमवार. पत्राचा नमुना ठरलेला होता. त्यांनी तो कागद पुढे सरकवला. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की जादा रक्कम मी चुकून भरली, चूक माझी आहे, पुन्हा होणार नाही.

सुंदररावांनी ते वाक्य वाचलं. जुना परिचयाचा माणूस वेषांतर करून समोर यावा तसं ते वाक्य त्यांच्याकडे बघत होतं. त्यांनी कागदाची घडी घातली आणि आपण सविस्तर पत्र लिहून आणतो असं सांगितलं.

शुक्रवारी त्यांनी जे पत्र दिलं ते दोन पानी होतं. पहिल्या पानावर त्यांचे पूर्वज तिरुविसनल्लूरला कसे आले, त्यांना जमीन कशी मिळाली आणि दान देताना वर एक नाणं ठेवण्याची रीत घराण्यात केव्हापासून आहे हे होतं. दुसऱ्या पानावर, सदर रुपया चुकून नव्हे तर पूर्ण शुद्धीवर असताना भरला आहे, आणि कंपनीने गेली नऊ वर्षं तो विनातक्रार स्वीकारला आहे, असं होतं. सोमवारी पुरावे जोडतो, असंही खाली लिहिलं होतं. मीनाक्षीबाईंनी दोन्ही पानं वाचली, यंत्रात घातली आणि चेन्नईला पाठवली. दारापर्यंत पोचवायला आलेला साईकुमार जिन्यावर कपाळाला हात लावून उभा होता.

त्या शनिवारी नागलक्ष्मीबाईंनी ऑपरेशनसाठी भरलेली पिशवी दारामागून काढून खाटेखाली सरकवली. त्यात दोन साड्या, टॉवेल, स्तोत्राची पोथी आणि जिऱ्याची एक पुडी होती. पुडी कशाला, असं सुंदररावांनी विचारलं. दवाखान्यातून आल्यावर मुलीचा हात धरून गच्चीवर जायचं आणि वडाम घालायचे असं ठरवलं होतं, म्हणून, असं त्या म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. सुंदररावांना वाईट वाटलं, चांगलंच वाटलं, पण वाईट वाटणं आणि चूक कबूल करणं यांत त्यांच्या मते बरंच अंतर होतं.

रविवारी ते पुराव्यांना बसले. हिशेबाचा माणूस, नऊ वर्षांच्या नऊ पावत्या तारीखवार टाचून ठेवलेल्या. त्यांनी पहिली काढली, रक्कम वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. मग दुसरी, मग तिसरी. हप्ता वाढत गेला होता, आकडे बदलत गेले होते, पण नऊच्या नऊ पावत्या शून्यावर संपत होत्या. वरचा रुपया एकाही पावतीवर नव्हता. नऊ वर्षं त्यांनी तारीख तपासली, शिक्का तपासला, सही तपासली. रक्कम तपासली नाही, कारण ती त्यांनी स्वतः मोजून दिली होती. हाताखालच्या एखाद्या कारकुनाने असं केलं असतं, तर त्याच्याकडून खुलासा घेऊन वर त्याची वेतनवाढ रोखली असती. सुंदररावांनी पावत्या पुन्हा तारीखवार टाचल्या. मग त्यांच्या मनात आलं की माझे नऊ रुपये गेले कुठे? या विचाराने त्यांना जरा हुशारी आली. कारण दोष दुसऱ्याचा निघण्याची शक्यता अजून शिल्लक होती.

सोमवारी जेवून दुपारी ते निघाले. फोन त्यांनी मुद्दाम घरी ठेवला. सगळं त्याच्यामुळेच झालं असल्याने त्याचं तोंड बघायची इच्छा नव्हती. अडीचला ते मीनाक्षीबाईंपुढे होते. चेन्नईचं उत्तर आलेलं होतं, एका ओळीचं. कारण अमान्य. चार वाजेपर्यंत ठरलेल्या नमुन्यात पत्र आलं नाही, तर पॉलिसी कायमची बंद.

सुंदररावांनी उत्तरादाखल नऊ पावत्या मेजावर पसरल्या आणि माझे नऊ रुपये कुठे आहेत, असं तमिळमध्ये, जरा मोठ्याने विचारलं. कचेरीतल्या दोन-तीन माना वळल्या. मीनाक्षीबाई उठल्या, मागच्या भिंतीकडे गेल्या. तिथे पिळ्ळैयाराची, म्हणजे गणपतीची, तसबीर होती, तिच्याखाली फळीवर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा. तो त्यांनी आणून मेजावर ठेवला आणि झाकण काढलं. डबा निम्म्याहून अधिक रुपयांच्या नाण्यांनी भरलेला होता. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून घरची भाषा काढली.

"तुम्हा एकट्याचे नव्हेत हो मामा. सगळ्यांचे. हप्ता भरावयास येतो तो प्रत्येक जण वर एक रुपया ठेवतो. कंप्युटरात त्यास जागा नाही. म्हणून आम्ही पिळ्ळैयारास देतों. शुक्रवारी कापूर, सुंडल त्यातूनच होते. तुम्हीही खाल्लंय की."

खाल्लं होतं. दोन वर्षांपूर्वी एका शुक्रवारी सहज डोकावले असताना प्रसादाचं हरभऱ्याचं सुंडल खाल्लं होतं आणि मीठ कमी आहे, असं सांगितलंही होतं. आपली तीनशे वर्षांची घराण्याची रीत त्या डब्यात सगळ्या कुंभकोणाच्या रितीबरोबर खणखणत होती. त्यात आपला रुपया कोणता, हे ओळखण्याची काही सोय नव्हती.

मीनाक्षीबाई पुन्हा तमिळवर आल्या. त्यांनी यंत्रात अर्ज उघडला. अर्ज पुढे जायला ग्राहकाच्या फोनवर आलेला नंबर हवा होता, आणि फोन घरी होता. त्यांनी आपल्या फोनवरून सुंदररावांचा नंबर लावला आणि तो सुंदररावांच्या हाती दिला. पलीकडे नागलक्ष्मीबाई होत्या. आता एक सहा आकडी नंबर आला असेल तो वाचून दाखव, असं सुंदरराव म्हणाले. बाईंनी स्वच्छ नकार दिला. फोनवर आलेला नंबर कोणासही सांगायचा नाही, खुद्द मी मागितला तरी सांगायचा नाही, हल्ली हुबेहूब आवाज काढतात, असं सुंदररावांनीच त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवून बजावलं होतं. सुंदररावांनी शपथा घातल्या, मुलीचं जन्मनक्षत्र सांगितलं, लग्नात कोणाचा जोडा हरवला होता तेही सांगितलं. पलीकडून उत्तर आलं की हे सगळं खरं आहे, पण तुमचा नियम म्हणजे नियम, फोन घेऊन मीच येते. आणि फोन ठेवला गेला.

तीन वाजून गेले. नमुन्याचा कागद सुंदररावांपुढे होता, शेजारी त्यांचं पेन. सगळं कोऱ्या कागदावर स्वहस्ते उतरवायचं होतं. त्यांनी तारीख घातली, पत्ता घातला, 'महोदय' लिहिलं. त्यापुढे पेन जाईना. जादा रुपया 'अनवधानाने' म्हटलं तर चालेल का, असं त्यांनी विचारलं. चालणार नव्हतं. 'भावनेच्या भरात'? तेही नाही. यंत्रात तीनच कारणं होती: चूक, फसवणूक आणि ग्राहकाचा मृत्यू. मीनाक्षीबाई म्हणाल्या की यांतलं सोपं कुठलं ते तुम्हीच बघा.

साडेतीनच्या पुढे खाली ऑटो थांबल्याचा आवाज आला. मग जिन्यावर पाऊल वाजलं. एक. मग दुसरं पाऊल त्याच पायरीवर. मग बराच वेळ काहीच नाही. मग कठड्याची लोखंडी सळई वाजली आणि पुन्हा एक पाऊल. सुंदररावांना हा आवाज घरात रोज ऐकू येई, पण घरात तिच्या वाटेला दोनच पायऱ्या होत्या, आणि माणूस वर्तमानपत्र वाचत असला की दोन पायऱ्यांचा आवाज संपून जातो. इथे बावीस होत्या. कोपऱ्यात घड्याळाकडे बघत उभा असलेला साईकुमार धावत खाली गेला. त्याला हात धरू न देता, तू फोन धर बाबा, मी कठडा धरते, असं नागलक्ष्मीबाई म्हणाल्याचं ऐकू आलं. चौथ्या पायरीवर श्वास ऐकू आला. सहाव्या पायरीवर मधेच, अगदी हळू, एक विव्हळणं ऐकू आलं आणि लगेच ते गिळून टाकलेलंही कळलं.

सुंदररावांचा हात कागदावर उतरला. आठव्या पायरीला 'माझ्या हातून' झालं होतं. अकराव्या पायरीला 'चूक झाली' झालं. पंधराव्या पायरीपर्यंत 'पुन्हा होणार नाही' लिहून पूर्णविराम देऊन सही झाली होती. अक्षर वाईट आलं होतं. हाताखालच्या माणसाला त्यांनी ते पुन्हा लिहायला लावलं असतं. मीनाक्षीबाईंनी कागद उचलला, वाचला आणि दुसरीकडे बघत म्हटलं,

"बरें लिहिलंत मामा. चूक या शब्दाखालीं रेघ मारावयाची गरज नव्हती."

नागलक्ष्मीबाई दारात आल्या तेव्हा त्यांचा चेहरा घामाने निथळत होता. पहिला नंबर केव्हाच बाद झाला होता. नवा मागवला. फोन त्यांनी साईकुमारकडून परत आपल्या हातात घेतला. समोर नवरा प्रत्यक्ष बसलेला आहे अशी खात्री करून घेऊन त्यांनी तो वाचून दाखवला. चार वाजायला सात मिनिटं असताना अर्ज गेला. पावणेपाचला चेन्नईहून उत्तर आलं की रक्कम जुळली, पॉलिसी अठरा तारखेपासून चालू, जादा रुपया यथावकाश परत केला जाईल. सुंदरराव जिना उतरताना बायकोच्या एक पायरी पुढे होते, तिने खांद्यावर हात ठेवावा म्हणून.

सत्तावीस तारखेला गुडघा बदलला. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, कारण त्यात सुंदररावांनी काही केलं नाही आणि म्हणून सगळं वेळेवर झालं.

पॉइंटांचं मात्र सांगायला हवं. ते आले. आठ दिवस ते अॅपवर दिसत होते, आणि सुंदरराव ते रोज दोनदा बघत. मग विमा कंपनीने कबूल केल्याप्रमाणे एक रुपया कार्डावर परत पाठवला. तो परत आलेला बघून बँकेच्या यंत्राने सगळा व्यवहारच परत झाला असं धरलं आणि सगळे पॉइंट काढून घेतले. हरिकृष्णाने बँकेशी भांडायचा सल्ला दिला, पत्र कसं लिहायचं तेही सांगू लागला. सुंदररावांनी त्याला हात जोडले. जुने साडेतीनशे पॉइंट तेवढे उरले होते. त्यांत एकच वस्तू बसत होती: कॉफी ओतून निववायचा पितळी डबरा आणि पेला. महिन्याभराने तो हरयाणातल्या कुठल्याशा गोदामातून, दोन खोक्यांत आणि पुष्कळ कागदात गुंडाळून आला. पेल्याच्या बुडाशी दुकानाचं नाव होतं. विमा कचेरीच्या खालचंच दुकान. सुंदरराव हल्ली त्याच पेल्यात कॉफी पितात आणि कोणी विचारलं तर आहेरात आला असं सांगतात.

पण एक गोष्ट त्यांच्या मनातून जाईना. रुपया परत आला म्हणजे कंपनीकडे शेवटी अडतीस हजार सहाशे चाळीसच राहिले. शून्यच. तीन महिने त्यांनी हे बायकोला सांगितलं नाही. मग एका गुरुवारी नागलक्ष्मीबाई गच्चीवरून वडाम घालून खाली आल्या आणि हात पुसत म्हणाल्या की चला, मीनाक्षीबाईंच्या कचेरीत जाऊन येऊ, त्या डब्यात तुमचा रुपया राहिलाय.

भांड्यांच्या दुकानाशी ऑटो थांबला. सुंदरराव भाडं देत होते. पन्नास झाले, त्यांनी एक्कावन्न दिले. वळून बघतात तो बायको शेजारी नव्हती. जिन्यावर पावलं वाजत होती, एकामागून एक, सारख्या अंतराने, मधे न थांबता. सुंदररावांनी घाईने पहिली पायरी गाठली. दहाव्या पायरीपर्यंत ते ठीक होते. अकराव्या पायरीवर त्यांना कठडा धरावा लागला, आणि तिथेच, डाव्या गुडघ्यात, काहीतरी करकरलं. ते उभे राहिले. वरची पावलं थांबली.

"रुपया तुम्हांकडेच आहे ना?" वरून नागलक्ष्मीबाईंनी पुसलं.

"आहे."

"मग हळूं या. मी थांबतें."